स्वातंत्र्य आणि देखभाल : डेस्कटॉप लिनक्स व खासगीपणा जपणारे घरगुती तंत्रज्ञान – एक समीक्षा

प्रस्तावना

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या इतिहासात एका प्रिंटरची गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात वारंवार कागद अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी बदल करून, कागद अडकल्याची सूचना वापरकर्त्यांच्या पडद्यावर येईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र त्यांना मिळाला नाही आणि ती सोय पुन्हा करता आली नाही. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल जाहीर केला. या दोन्हींच्या संयोगातून आज आपण ज्याला सैलपणे ‘लिनक्स’ म्हणतो ती प्रणाली उभी राहिली.

या गोष्टीतील एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. ज्याला कोड हवा होता तो माणूस प्रिंटर दुरुस्त करू शकणारा होता. त्याच्याकडे कौशल्य होते, अधिकार नव्हता. आज लॅपटॉपवर लिनक्स बसवून प्रिंटरशी झगडणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती नेमकी उलटी आहे. त्याच्याकडे अधिकार पूर्ण आहे. कौशल्य आणि वेळ नाही.

प्रस्तुत टिपणात या उलट स्थितीचा विचार करायचा आहे. मुख्य विधान असे : मुक्त सॉफ्टवेअरच्या विचाराने स्वातंत्र्याची काटेकोर व्याख्या केली, पण देखभालीचे काम कोणाचे, हा प्रश्न मोकळा सोडला. डेस्कटॉपवरील रोजच्या त्रासाचे आणि घरगुती पर्यायांच्या मर्यादेचे मूळ बऱ्याच अंशी या मोकळ्या जागेत आहे.

हा प्रश्न आज केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतील अनेक जुन्या संगणकांसमोर लिनक्स हा व्यवहार्य पर्याय म्हणून उभा आहे. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला आहे. जो अधिकार सर्वांचा आहे तो प्रत्यक्षात फक्त तंत्रकुशल माणसालाच मिळत असेल, तर त्याची समीक्षा आवश्यक ठरते.

१. चार स्वातंत्र्ये आणि एक न सांगितलेले काम

मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत चार स्वातंत्र्ये आहेत : प्रोग्राम कोणत्याही हेतूने चालवणे, त्याचा अभ्यास करून तो बदलणे, त्याच्या प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रती वाटणे. या चारही गोष्टी परवानगीच्या स्वरूपाच्या आहेत. ‘तुम्ही करू शकता’ असे त्या सांगतात. ‘कोणीतरी तुमच्यासाठी करील’ असे त्यांपैकी एकही सांगत नाही. जीपीएल परवान्यात तर कोणतीही हमी नसल्याचे स्पष्टच लिहिलेले असते.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरचे करारही हमी देण्याचे शक्य तितके टाळतात. कायद्याच्या भाषेत दोघांत फारसा फरक नाही. फरक व्यवहारात आहे. कंपनीला ग्राहक टिकवायचा असतो, म्हणून ती देखभाल करते आणि तिची किंमत पैशांच्या, जाहिरातींच्या किंवा माहितीच्या रूपात वसूल करते. मुक्त सॉफ्टवेअर ही वसुली करत नाही. पण मग देखभालीचा भार स्वयंसेवक आणि वापरकर्ता यांच्यात वाटला जातो. ‘फुकट’ हा शब्द या व्यवहारातील श्रम झाकून टाकतो.

२. डेस्कटॉपवरील अडचणींचे तीन प्रकार

लिनक्सवरील तक्रारींची यादी लांबलचक असते आणि म्हणून निरुपयोगी ठरते. कारणांनुसार तिचे तीन गट केले, तर कोणत्या अडचणीला कोण जबाबदार हे दिसू लागते.

(अ) उत्पादकाकडून येणाऱ्या अडचणी. वायफाय चिप, ग्राफिक्स कार्ड, बोटांचे ठसे वाचणारे उपकरण यांची तांत्रिक माहिती उत्पादक देत नाही, तेव्हा ड्रायव्हर अंदाजाने लिहावा लागतो किंवा मिळतच नाही. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठातील कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडिया कंपनीवर जाहीरपणे, अत्यंत कडक शब्दांत टीका केली होती. त्या कंपनीने कर्नलशी संबंधित ड्रायव्हरचा कोड खुला केला तो मे २०२२ मध्ये.

येथे तत्त्वाचाही पेच आहे. डेबियन हे वितरण मुक्त नसलेले फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. परिणामी नवख्या माणसाच्या लॅपटॉपवर डेबियन बसवताना वायफायच सुरू होत नसे. आणि वायफाय सुरू करण्यासाठी लागणारी फाइल उतरवायला वायफाय हवे असे. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि २०२३ मधील डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये येऊ लागले. तत्त्व पाळण्याची किंमत तत्त्व ठरवणाऱ्यांपेक्षा नवख्यांना अधिक मोजावी लागत होती, हे या निर्णयामागील उघड वास्तव आहे.

(ब) लिनक्सच्या स्वतःच्या रचनेतून येणाऱ्या अडचणी. एखादा प्रोग्राम बसवायचा झाला तर डेब, आरपीएम, स्नॅप, फ्लॅटपॅक, ॲपइमेज असे अनेक मार्ग समोर येतात. एका मार्गाने बसवलेल्या ब्राउझरला पेनड्राइव्हवरील फाइल दिसते, दुसऱ्या मार्गाने बसवलेल्या त्याच ब्राउझरला ती दिसत नाही, कारण त्याला वेगळ्या कुंपणात ठेवलेले असते. या विविधतेमागे खरे मतभेद आहेत. स्नॅपचे भांडार चालवणारा सर्व्हर कॅनॉनिकल कंपनीच्या ताब्यात आहे, या आक्षेपावरून लिनक्स मिंटने २०२० मध्ये आपल्या प्रणालीत स्नॅपला मूळ मांडणीतच अटकाव केला. मतभेद योग्य असतीलही. पण त्यांचा निवाडा करण्याचे काम शेवटी ज्याला फक्त व्हिडिओ बघायचा आहे त्याच्यावर येऊन पडते.

याच गटातील अधिक बोलके उदाहरण म्हणजे वेलँड. १९८४ मध्ये एमआयटीत जन्मलेल्या एक्स विंडो प्रणालीत, चालू असलेला कोणताही प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममध्ये दाबलेली बटणे आणि पडद्यावरील मजकूर सहज पाहू शकतो. पासवर्डच्या दृष्टीने हे धोक्याचे आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने ही वाट बंद केली. पण पडदा इतरांना दाखवणे, त्याचे चित्रण करणे, स्क्रीनशॉट घेणे या सोयीही त्याच मोकळ्या वाटेने चालत होत्या. त्या बंद पडल्या आणि पाइपवायर व ‘पोर्टल’ या नव्या यंत्रणांच्या आधारे एकेक करून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. खासगीपणातील एक खरी सुधारणा वापरकर्त्यापुढे मात्र बिघाड म्हणून आली. निर्णय बरोबर होता. स्थित्यंतराचा खर्च कोणी उचलायचा हे कोणीच ठरवले नव्हते.

(क) बाहेरच्या संस्थांकडून येणाऱ्या अडचणी. परीक्षेवर देखरेख करणारे सॉफ्टवेअर अनेकदा फक्त विंडोजवर चालते. कार्यालयांचे अर्ज विशिष्ट एक्सेल मॅक्रो गृहीत धरतात. मराठी दस्तऐवज मंगल फॉन्टमध्ये केलेला असतो. तो फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा असल्यामुळे लिनक्ससोबत येत नाही, दुसरा फॉन्ट लागतो आणि पानावरील ओळी सरकतात.

मराठीच्या बाबतीत दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. इन्स्क्रिप्ट कळफलक, रोमन अक्षरांवरून मराठी लिहिण्याची सोय, लोहित आणि नोटोसारखे देवनागरी फॉन्ट हे सर्व लिनक्सवर विनासायास मिळते. जोडाक्षरे नीट जुळवणारे हार्फबझ हे मुक्त सॉफ्टवेअर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्सबरोबरच अँड्रॉइडमध्येही वापरले जाते. म्हणजे लिनक्सचे नावही न ऐकलेला माणूस फोनवर ‘क्षेत्र’ हा शब्द वाचतो, तेव्हा तोही मुक्त सॉफ्टवेअरच्या श्रमांचा लाभार्थी असतो.

३. नेहमीची उत्तरे आणि त्यांची तपासणी

अडचण मांडली की तीन उत्तरे हमखास मिळतात. पहिले : ‘फुकट मिळाले आहे, तक्रार कसली?’ हे उत्तर स्वयंसेवकाने थकून दिले असेल तर समजण्यासारखे आहे. पण हीच मंडळी जेव्हा लिनक्सला सर्वांसाठीचा पर्याय म्हणून पुढे करतात, तेव्हा हे उत्तर चालत नाही. आवाहन सार्वजनिक असेल तर तक्रारही सार्वजनिक असणार.

दुसरे : ‘दोष लिनक्सचा नाही, उत्पादकाचा आहे.’ वरील (अ) आणि (क) गटांबाबत हे खरे आहे. पण खरे असूनही ते अपुरे आहे. उद्या प्रकल्प सादर करायचा असलेल्या विद्यार्थ्याला दोषी कोण हे कळून त्याचा प्रोजेक्टर सुरू होत नाही.

तिसरे : ‘सवयीचा प्रश्न आहे.’ विंडोजही शिकूनच येते, हे त्यातील तथ्य. परंतु सवय एकट्याने लागत नाही. विंडोजची सवय लावायला शाळेची प्रयोगशाळा, टायपिंगचे वर्ग, शेजारचा संगणक दुरुस्त करणारा असे सगळे भोवताल असते. लिनक्स वापरणाऱ्याला ते भोवताल बहुधा नसते.

या संदर्भात उबुंटूचा अनुभव महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये पहिली आवृत्ती काढणाऱ्या या वितरणाने देखभालीची जबाबदारी एका कंपनीकडे सोपवण्याचा प्रयोग केला. संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी ‘बाजारात मायक्रोसॉफ्टचा बहुसंख्य वाटा आहे’ अशी दोष क्रमांक १ ची नोंद केली. ती २०१३ मध्ये बंद झाली. कारण म्हणून फोन-टॅब्लेटकडे सरकलेल्या बाजाराकडे बोट दाखवले गेले. डेस्कटॉपवर लिनक्स जिंकले, असे कारण देण्याची सोय नव्हतीच. त्याआधी २०१२ मध्ये, उबुंटू १२.१० मध्ये, आपल्याच संगणकात शोधण्यासाठी टाइप केलेले शब्द कंपनीच्या सर्व्हरमार्फत जाऊन ॲमेझॉनवरील वस्तू दिसू लागल्या. स्टॉलमन यांनी याला हेरगिरी म्हटले. २०१६ च्या १६.०४ आवृत्तीत ही सोय मूळ मांडणीत बंद ठेवण्यात आली.

यातून दोन गोष्टी शिकायला मिळतात. कोड खुला असल्यामुळे गैरप्रकार लगेच उघड झाला आणि तो काढून टाकता आला. हे मुक्ततेचे यश. पण कोड खुला असूनही तो झाला, कारण देखभालीचा खर्च भागवण्यासाठी उत्पन्न हवे होते. ही मुक्ततेची मर्यादा.

४. घर : तोच प्रश्न, अधिक नाजूक जागी

घरगुती उपकरणांबाबत पर्याय शोधण्याची कारणे ठोस आहेत. २०१७ मध्ये व्हिझिओ कंपनीने, सुमारे १ कोटी १० लाख दूरचित्रवाणी संचांवरून प्रेक्षक काय पाहतात याची माहिती संमतीविना गोळा केल्याच्या प्रकरणात, २२ लाख डॉलर भरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली. २०२३ मध्ये त्याच आयोगाने रिंग या कॅमेरा कंपनीवर, कर्मचाऱ्यांना ग्राहकांची घरातील चित्रणे पाहता येत होती असा आरोप ठेवला. तडजोड ५८ लाख डॉलरवर झाली. मे २०१६ मध्ये गूगलच्या समूहातील नेस्टने रिव्हॉल्व्ह ही सेवा बंद केली आणि सुमारे ३०० डॉलरचे उपकरण लोकांच्या घरात निर्जीव होऊन पडले. वस्तू विकत घेतली तरी तिचे चालणे कंपनीच्या मर्जीवर असते, हे त्यातून दिसले.

पर्याय म्हणून होम असिस्टंट, फोटोंसाठी इमिच, फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, चित्रपटांसाठी जेलीफिन, जाहिराती रोखण्यासाठी पाय-होल असे मुक्त प्रकल्प उपलब्ध आहेत. ते घरातल्या छोट्या संगणकावर चालतात आणि माहिती घरातच राहते. त्यांचा दर्जा अनेक बाबतीत उत्तम आहे. प्रश्न पुढे येतो तो चालू ठेवण्याचा.

भारतीय घरात तो आणखी कठीण होतो. वीज अचानक गेली की रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड खराब होण्याची शक्यता असते. म्हणून राउटर आणि हा संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावे लागतात. अनेक इंटरनेट सेवादाते एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे बाहेरून आपल्या घरच्या सर्व्हरपर्यंत सरळ पोहोचता येत नाही. मग आयपीव्ही-६, वायरगार्ड किंवा मधल्या एखाद्या कंपनीचा आधार घ्यावा लागतो. आणि ज्या परावलंबनातून सुटायचे होते, ते वेगळ्या दाराने परत येते. फोटोंचा साठा घरी आणला तर तो दुसऱ्या जागीही जपून ठेवण्याचे काम आपलेच. कंपनी माहिती विकेल ही भीती जाते आणि डिस्क बिघडेल ही भीती येते.

शिवाय हे पर्याय पूर्णपणे आपल्या हातात नसतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये चेंबरलेन कंपनीने आपल्या गॅरेज-दारांच्या सेवेपर्यंत इतरांचा प्रवेश रोखल्यामुळे होम असिस्टंटला ती जोडणी काढून टाकावी लागली. आवाजावर चालणारा मायक्रॉफ्ट हा मुक्त सहायक तर २०२३ मध्ये आर्थिक अडचणीत सापडला आणि आगाऊ पैसे दिलेल्या अनेकांना उपकरण मिळाले नाही.

५. घरातील प्रशासक

या चर्चेत एक मुद्दा जवळजवळ येतच नाही. माहिती घराबाहेर गेली नाही म्हणजे खासगीपणा जपला गेला, असे गृहीत धरले जाते. पण घर म्हणजे एक व्यक्ती नव्हे.

पाय-होलच्या पडद्यावर कोणत्या उपकरणाने कोणत्या वेळी कोणत्या संकेतस्थळाची विचारणा केली, याची यादी दिसते. होम असिस्टंट दार केव्हा उघडले, कोणत्या खोलीतला दिवा किती वाजता बंद झाला, कोणाचा फोन केव्हा घरी आला हे मूळ मांडणीत दहा दिवस साठवून ठेवते. ही यादी पाहू शकतो तो घरातला एकच माणूस, ज्याने हे सगळे बसवले. दूरच्या कंपनीच्या लेखी आपण आकड्यांतील एक असतो. घरातील प्रशासकाच्या लेखी आपण बहीण, आई, पत्नी, भाडेकरू असतो. बहिणीने रात्री आजाराबद्दल काय शोधले, हे कंपनीला कळण्यापेक्षा भावाला कळणे तिला अधिक अडचणीचे असू शकते.

कायदाही येथे पोहोचत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या माहितीच्या वापराला लागू होत नाही. ही सूट योग्यच आहे. घरातील प्रत्येक गोष्ट कायद्याच्या कक्षेत आणता येत नाही. पण त्यामुळे नैतिक जबाबदारी प्रशासकावर पूर्णपणे येते. पाय-होलमध्ये नावे आणि उपकरणे लपवण्याचे स्तर आहेत. होम असिस्टंटमध्ये नोंदींचा कालावधी कमी करता येतो. मात्र ते करायचे की नाही हेही प्रशासकच ठरवतो.

दुसरा भाग परावलंबनाचा. असे प्रयोग घरी बहुधा महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी करते. पुढे शिक्षण किंवा नोकरीसाठी ती व्यक्ती दुसऱ्या शहरात जाते आणि मागे राहिलेल्या आईवडिलांना, पंखा का लागत नाही हे फोनवर विचारावे लागते. म्हणून अशा व्यवस्थेची पहिली कसोटी साधी असावी : मधला संगणक बंद पडला तरी भिंतीवरचे बटण चालले पाहिजे. या कसोटीला न उतरणारी व्यवस्था मुक्त असली, तरी घरातील इतरांसाठी ती मुक्त नाही.

६. देखभाल कोणी करावी?

लिनक्स सामान्य माणसापर्यंत जिथे पोहोचले, तिथे कोणीतरी देखभालीची जबाबदारी उचललेली दिसते. अँड्रॉइड आणि क्रोमबुकमध्ये ती गूगलने उचलली, पण खासगीपणाच्या मोबदल्यात. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकमध्ये ती व्हॉल्व्ह कंपनीने उचलली. यंत्र आणि प्रणाली एकाच हातात असल्यामुळे वापरकर्त्याला ड्रायव्हर शोधावा लागत नाही.

सार्वजनिक पर्यायाचे उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळमध्ये २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर नेले. २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या संस्थेत रूपांतर झाले. शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतंत्र प्रणाली, त्यावर बेतलेली पाठ्यपुस्तके, प्रशिक्षित शिक्षक आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ हे विद्यार्थ्यांचे गट अशी साखळी तेथे उभी राहिली. केरळमधील लिनक्स इतर ठिकाणच्या लिनक्सपेक्षा सोपे नव्हते. तेथे बिघाड झाल्यावर विचारायला माणूस होता.

देखभालीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा इशारा मार्च २०२४ मध्ये मिळाला. एक्सझेड हे फाइली आकुंचित करणारे छोटे सॉफ्टवेअर असंख्य लिनक्स प्रणालींत आहे. ते जवळजवळ एकटा माणूस विनामोबदला सांभाळत होता. मदतीच्या निमित्ताने विश्वास संपादन केलेल्या दुसऱ्याने त्यात चोरवाट घुसवली. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले म्हणून ती वेळीच सापडली. कोड खुला होता म्हणून शोध शक्य झाला. पण तो सांभाळणारा एकटा होता म्हणून हल्लाही शक्य झाला.

सारांश

डेस्कटॉप लिनक्स निकामी आहे, किंवा ते आता पूर्ण सोपे झाले आहे, ही दोन्ही मते तपासणीत टिकत नाहीत. त्याच्या अडचणी उत्पादक, लिनक्सची स्वतःची रचना आणि बाहेरच्या संस्था अशा तीन ठिकाणांहून येतात. प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. खासगीपणा जपणारे घरगुती पर्याय माहिती कंपनीपासून वाचवतात, पण घरातील सत्तासंबंधांपासून आपोआप वाचवत नाहीत. या साऱ्यांच्या मुळाशी देखभालीच्या श्रमांचा प्रश्न आहे. हे श्रम एकट्या वापरकर्त्यावर टाकले तर खासगीपणा ही वेळ आणि कौशल्य असलेल्यांची मिरास बनते. शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये आणि स्थानिक गट यांनी ते वाटून घेतले, तरच तो सर्वांचा अधिकार म्हणून वापरता येईल.

विचारासाठी प्रश्न

१. मुक्त सॉफ्टवेअरच्या चार स्वातंत्र्यांत पाचवी बाब म्हणून ‘देखभाल’ जोडता येईल का? ती अधिकाराच्या स्वरूपात मांडावी की कर्तव्याच्या?

२. आपल्या महाविद्यालयातील कोणती तीन कामे केवळ विंडोजवरच करता येतात? त्यांचे कारण तांत्रिक आहे की प्रशासकीय, ते शोधा.

३. वेलँडच्या उदाहरणात सुरक्षितता आणि सोय यांतील निवड वापरकर्त्यावर सोपवायला हवी होती का? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करा.

४. आपल्या घरात पाय-होल बसवायचे ठरल्यास घरातील इतर सदस्यांची संमती कशी घ्याल? त्यांना कोणती माहिती आधी सांगाल?